स्टॅटिन सुरू केलंय? मग लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातल्या गोळ्या) सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही मांड्या किंवा खांदे सारखेच दुखू लागले, तर डॉक्टरांना कळवा; गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मात्र स्नायू खूप दुखताहेत, जिना चढवत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी गडद होतेय, तर पुढची गोळी घेऊच नका. अशा वेळी स्नायू फुटून त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडात अडकत असू शकतं. त्याच दिवशी इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयाची किंवा जवळच्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा. रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) तपासायला सांगा. सीके नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दहापट झालं, तर गोळी थांबवतातच. सकाळी राजवाडा चौकात नव्याने जोरात व्यायाम केला असेल तर तेही सांगा, त्यानेसुद्धा सीके चढतं.

खोकल्यासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, तर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू असल्याचं आधी सांगा. दोन्ही एकत्र घेतल्यास अ‍ॅटोरव्हास्टॅटिन रक्तात साचतं. केमिस्टलाही विचारा, लाजायचं काय त्यात?

डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर. ओठ सुजले, श्वास अडकला किंवा छातीत दाब आला, तर सरळ १०८. छातीतली कळ गोळीच्या माथी मारून घरी बसू नका.