सॅम्युअल या नावाचा अर्थ काय? ते ख्रिश्चन नाव आहे का? माणेकशांचं ‘सॅम’ त्याचंच लघुरूप का?

मूळ हिब्रू उच्चार ‘श्मुएल’. मराठी बायबलात तो ‘शमुवेल’ होतो. तुम्ही विचारलंय की हे ख्रिश्चन नाव आहे का. तर नाही, ते ख्रिस्ताच्या कैक शतकं आधीचं, ज्यूंचं नाव आहे.

अर्थाची मात्र मोठी गंमत आहे. बायबलातली गोष्ट अशी: हन्नाला मूल नव्हतं आणि सवतीला भरपूर होती. सवत टोचून बोलायची. शेवटी शिलोच्या मंदिरात जाऊन हन्ना रडत प्रार्थना करत बसली. नुसते ओठ हलतायत, आवाज नाही; एली नावाच्या म्हाताऱ्या पुरोहिताला वाटलं बाई पिऊन आलीय, आणि त्याने तिला झापलं! पुढे मुलगा झाला. तिने त्याचं नाव शमुवेल ठेवलं, का तर ‘मी याला देवाकडून मागून घेतलं’ म्हणून. आपल्याकडच्या भाषेत नवसाचं पोर. बोलल्याप्रमाणे तिने ते मंदिरात वाहिलंही, आणि दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून घेऊन जायची. एवढ्या एका झग्यासाठी मला ही गोष्ट आवडते.

पण ‘मागितलेला’ याला हिब्रूत शब्द आहे ‘शाऊल’. म्हणजे हन्नाचं कारण शमुवेलला लागूच पडत नाही! ते बसतं ज्यूंच्या शौल राजाला (हिब्रूत ‘शाऊल’च), ज्याला पुढे याच शमुवेलने अभिषेक केला. त्यामुळे ही कथा आधी शौलच्या जन्माची असावी, असंही काही अभ्यासक मांडतात. शमुवेलची फोड बहुधा ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव, अशी करतात, म्हणजे साधारण ‘देवाचं नाव’. ‘देवाने ऐकलं’ हा अर्थ सगळीकडे छापलेला दिसतो, पण तो व्याकरणात जरा ओढूनताणून बसवावा लागतो. घरात नाव ठेवायचं असेल तर खुशाल तोच घ्या, गोष्टीला तो शोभतो.

या नावाची माणसं म्हणाल तर अरबस्तानातला सहाव्या शतकातला ज्यू कवी समौअल आधी सांगेन. दिलेला शब्द पाळण्यावरून अरबीत ‘समौअलपेक्षा इमानी’ अशी म्हणच पडली. ११व्या शतकात ग्रानादाचा वजीर श्मुएल हा-नागीद, तोही कवी. १९६६ चं साहित्याचं नोबेल श्मुएल अग्नोन यांना (नेली झाक्स यांच्यासोबत विभागून) आणि १९६९ चं सॅम्युअल बेकेटला. होमिओपॅथीच्या दवाखान्यात भिंतीवर टकलू आजोबांचा फोटो असतो ना, ते हानेमानही सॅम्युअलच.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो आपला सामाजी. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी जुन्या काळी हिब्रू नावांना सरळ ‘जी’ जोडला होता. सॅम्युअलचं सामाजी, एझिकेलचं हसाजी, आणि पुढे गावावरून ‘कर’. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला सॅम्युअल एझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. टिपूच्या कैदेत पडला होता. हा ‘बनी इस्राईल’, म्हणजे कुराणात ज्यांचा उल्लेख येतो त्या ज्यूंपैकी आहे, हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली, अशी दंतकथा आहे. सुटून आल्यावर त्याने १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं, मुंबईतलं पहिलं. बेने इस्रायली आपल्या प्रार्थनाघराला मशीद म्हणत, आणि मस्जिद स्टेशनचं नाव यावरूनच पडलं असं सांगतात. तिथला सॅम्युअल स्ट्रीट याच दिवेकरांचा.

आता माणेकशा. तो सॅम वेगळा. पारशांचा ‘साम’ इराणी आहे, शाहनामा या फारसी महाकाव्यातला पहिलवान, रुस्तमचा आजोबा. आणि योगायोग बघा, तिकडे हन्नाने पोर देवाकडून मागून घेतलं, आणि इकडे आपलं पोरगं पांढऱ्या केसांचं जन्मलं म्हणून त्याला डोंगरावर टाकून आलेला बाप तो हाच.