पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातल्या रोमँटिक काळातले (साधारण एकोणिसावं शतक) व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेल्या रचना, ऐकायला सुरुवात करायची आहे. एकेकाची ढीगभर रेकॉर्डिंग्ज आहेत, नेमकं कुठलं ऐकावं?

'सर्वोत्तम दहा'च्या याद्या बाजूला ठेवा. एकच कॉन्चेर्टो घ्या आणि तो दोन अगदी वेगळ्या वादकांकडून ऐका. एकच बंदिश दोन गवयांकडून ऐकायची सवय आपल्याला असतेच. इथे स्वर न् स्वर आधी लिहिलेला असतो, तरीही दोघं इतके वेगळे कसे वाटतात हे कानाला कळू लागलं की या संगीताची खरी गोडी लागते.

पहिला मेंडेल्सनचा ई मायनर पट्टीतला कॉन्चेर्टो ऐका (पहिलं वादन लाइपझिग, १८४५). लांबलचक प्रस्तावना नाही, व्हायोलिन जवळजवळ लगेचच धून हाती घेतं. पहिला भाग दणक्यात संपतो, पण ऑर्केस्ट्रातलं बासून (खर्जातलं फुंकवाद्य) एक स्वर धरून ठेवतं आणि त्यावरूनच दुसरा भाग उमलतो. फुकटच्या ॲपवर नेमकी तिथेच जाहिरात घुसते, म्हणून हा कॉन्चेर्टो सलग वाजेल असाच लावा.

मग ब्राम्सचा डी मेजर. दोन रेकॉर्डिंग्जची तुलना करायला माझ्या मते याच्यासारखा दुसरा नाही. हा त्याने आपला मित्र, व्हायोलिनवादक योझेफ योआखिम याच्यासाठी लिहिला आणि १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगमध्ये योआखिमनेच तो पहिल्यांदा वाजवला. एक रेकॉर्डिंग याशा हायफेट्झचं घ्या (संचालक फ्रिट्झ राइनर, शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रा, १९५५) आणि दुसरं डेव्हिड ओइस्त्राखचं (संचालक ऑटो क्लेम्पेरर, फ्रेंच रेडिओचा ऑर्केस्ट्रा, १९६०). नुसत्या पहिल्या भागात दोघांमध्ये तीन-चार मिनिटांचा फरक पडतो. हायफेट्झचा सूर ताणलेल्या तारेसारखा, कुठेही रेंगाळणं नाही. ओइस्त्राख ऐसपैस, भरदार. क्लेम्पेररचा ऑर्केस्ट्राही त्याच्याभोवती शांतपणे उभा राहतो.

पूर्ण ऐकून झालं की पहिल्या भागातल्या एकाच जागेवर परत या. व्हायोलिन एकटंच वाजत असतं (याला कादेन्झा म्हणतात; ब्राम्सने ही जागा योआखिमवर सोपवली होती). ती संपते, ऑर्केस्ट्रा अगदी हळू परत येतो आणि सुरुवातीचीच धून व्हायोलिन वरच्या पट्टीत संथपणे वाजवू लागतं. इथे कोण किती थांबतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर कोण सरकत जातो, कंप कुठे वाढवतो, एवढंच ऐका. मला या जागी ओइस्त्राखच हवा असतो. बाकी पहिल्या भागात हायफेट्झ अंगावर काटा आणतो, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या भागात व्हायोलिन बराच वेळ गप्प असतं आणि मुख्य धून ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) वाजवतो. असं सांगतात, की सारासाते हा त्या काळचा नामवंत वादक एवढ्याचसाठी हा कॉन्चेर्टो वाजवायला तयार नव्हता. तुम्ही मात्र तिथे व्हायोलिनची वाट बघू नका, ओबो ऐका.

ब्रुख आणि चायकोव्स्की यांचे कॉन्चेर्टो आपोआप आवडतील. फक्त चायकोव्स्कीच्या जुन्या रेकॉर्डिंग्जमध्ये शेवटच्या भागातल्या काही ओळी गाळलेल्या असतात, तेव्हा दोन रेकॉर्डिंग्ज जुळली नाहीत तर गोंधळू नका.

जुन्या मोनो रेकॉर्डिंग्जना बिचकू नका. जिनेट नव्हू या फ्रेंच वादिकेचं सिबेलियसच्या कॉन्चेर्टोचं १९४५ सालचं रेकॉर्डिंग जरूर ऐका. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत, म्हणून असे कॉन्चेर्टो तुकड्यातुकड्यांनी मुद्रित होत. तिच्या वाजवण्यात तो खंड कुठेही जाणवत नाही. खरखर पाचेक मिनिटांत कान विसरतात. १९४९ साली विमान अपघातात ती गेली, तेव्हा ती फक्त तीस वर्षांची होती. तिची मोजकीच रेकॉर्डिंग्ज उरली आहेत, ती सगळी मिळवून ऐका.

आणि मुंबईत किंवा आसपास असाल, तर एनसीपीए या मुंबईतल्या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम असतो. त्यात व्हायोलिन कॉन्चेर्टो असला तर चुकवू नका. रेकॉर्डिंगमध्ये माइक जवळ असल्याने व्हायोलिन मोठं वाटतं, हायफेट्झच्या बाबतीत तर फारच. सभागृहात एका माणसाला सबंध ऑर्केस्ट्राच्या वर आवाज काढावा लागतो. ते एकदा समोर बसून ऐकलंत, की ब्राम्समध्ये व्हायोलिन पहिल्यांदा येतं तेव्हा इतक्या त्वेषाने का येतं ते कळेल.