वकिलाला भरपाईत हिस्सा द्यायचा का?

प्रश्न : माझे मिस्टर (वय ३०) भोसरीत एका छोट्या शॉपमध्ये पॉवर प्रेसवर ऑपरेटर होते. तिथे सगळे मिळून सात कामगार. पगार १६ हजार, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये डायमध्ये हात सापडून उजव्या हाताची तीन बोटं गेली. हॉस्पिटलचं बिल शेठनी भरलं. आता ते म्हणतात, ६० हजार घ्या आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘काही तक्रार नाही’ अशी सही करा. नाहीतर मशीनचा सुरक्षेचा सेन्सर यानेच बंद केला होता असं सांगेन. हॉस्पिटलच्या वॉर्डात एक गृहस्थ भेटले होते. त्यांचे वकील आधी एक पैसाही घेणार नाहीत, पण मिळेल त्यातले २५ टक्के त्यांना द्यायचे. काय करावं?

उत्तर : ताई, स्टॅम्पपेपरवर सही करू देऊ नका, आणि त्या गृहस्थांनाही होकार देऊ नका.

आधी रकमेचा अंदाज घ्या, म्हणजे ६० हजार म्हणजे किती ते कळेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच तयार होतो. म्हणून तुमचा हिशोब १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने होईल. पगार १६ हजार असला तरी हिशोबात १५ हजारच धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. तिसाव्या वर्षासाठी कायद्यातला गुणक २०७.९८ आहे. गुणाकार येतो १८,७१,८२०. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. एका हाताची तीन बोटं गेली तर कायद्याचं परिशिष्ट कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं मानतं, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. अपघातापासून महिन्याभरात ही रक्कम दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. बिल शेठनी भरलं, ते त्यांचं कर्तव्यच होतं. उपचाराचा खर्च भरपाईतून वजा होत नाही.

हे सगळं खरोखर सातच माणसं असतील तर. दहा किंवा जास्त असतील तर ईएसआय लागू होतं, आणि मग मागणी शेठकडे नाही, ईएसआय महामंडळाकडे करावी लागते. म्हणून माणसं नीट मोजा. रोजंदारीवरचे, ठेकेदाराचे, सगळे.

सही झालीच असती तरी हक्क संपला नसता. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायची तर ती असे दावे चालवणाऱ्या कर्मचारी भरपाई आयुक्तांपुढे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. तरीही सही नकोच, कारण तो कागद पुढे प्रत्येक तारखेला तुमच्यासमोर नाचवला जाईल.

सेन्सरची धमकी मात्र हसण्यावारी नेऊ नका. अपंगत्व अंशतः असेल आणि कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं असं सिद्ध झालं, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. पण ते शेठना सिद्ध करावं लागेल, आणि नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. प्रॉडक्शन वाढावं म्हणून सुपरवायझरच सेन्सर बंद करायला लावतो, हे प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. तसं झालं असेल तर बरोबरचा एखादा कामगार, मशीनचा फोटो, व्हॉट्सॲपवरचे निरोप आत्ताच जपून ठेवा.

आता वकिलाबद्दल. खटल्याच्या निकालावर फी ठरवणं किंवा मिळालेल्या पैशात हिस्सा घेणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला मना आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याला व्यावसायिक गैरवर्तन म्हटलं. वॉर्डात फिरून पक्षकार गोळा करायलाही परवानगी नाही. जो वकील पहिल्याच पावलाला हे दोन्ही करतो, त्याच्या हाती तुमच्या घरातल्या कर्त्या माणसाच्या हाताचा हिशोब देऊ नका. ५,६१,५४६ चे २५ टक्के म्हणजे १,४०,३८६ रुपये, हेही एकदा मनात आणा.

पैसे नाहीत म्हणून हिस्सा द्यावा लागतो, हा समज चुकीचा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. लेखी अधिकारपत्र दिलंत तर नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. खासगी वकील केलात तर फी टप्प्याटप्प्याने ठरवा, पावती घ्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवा, कोऱ्या कागदावर सही नको.

आणि जे वकील कराल त्यांना एकच विचारा : डॉक्टरांची साक्ष कशी घेणार? खरा पैसा तिथे आहे. परिशिष्टातले ३० टक्के फक्त बोटांचे. अंगठा आखडला असेल, मनगट वळत नसेल, मूठ आवळत नसेल, तर तपासून त्याचे टक्के डॉक्टरांनी दाखल्यात लिहायला हवेत आणि उलटतपासणीत टिकवायला हवेत. १९७६ चा प्रताप नारायण सिंग देव खटला त्यांना माहीत असायला हवा. त्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व पूर्ण. तुमच्या बाबतीत तसंच होईल असं वचन मी देणार नाही, पण उजव्या हाताने प्रेस चालवणाऱ्याबद्दल हा मुद्दा मांडलाच पाहिजे. विमा असेल तर विमा कंपनीलाही पक्षकार करायला सांगा. दंड मात्र शेठनाच भरावा लागतो, म्हणून मागणीची नोटीस त्यांना वेगळी जायला हवी.

दावा पुण्याच्या कामगार न्यायालयात लागेल. तिथले न्यायाधीशच आयुक्त म्हणून बसतात. गावी राहायला गेलात तर तिथल्या आयुक्तांकडेही करता येतो. मुदत दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत, पण तेवढं थांबू नका. साक्षीदार कामं बदलतात.

या आठवड्यात हॉस्पिटलमधून पूर्ण केसपेपरची नक्कल अर्ज देऊन घ्या आणि पहिल्या पानावर जखम कशी झाली म्हणून काय लिहिलंय ते वाचा. दाखल करताना शेठ बरोबर होते, तर तिथे ‘घरी लागले’ असं लिहिलेलं असू शकतं. तसं असेल तर वकिलांना पहिल्याच भेटीत ते पान दाखवा.