आंब्याखालच्या ओलसर सावलीत रानातला पेव जगेल का?

जगेल, नक्की लावा. पुण्यात आंब्याखाली पावसाळाभर ओल धरणारा कोपरा आहे आणि घाटात पाहिलेला पांढऱ्या फुलांचा पेव तिथे हवाय, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे तो अशाच जागी आहे.

एक गोष्ट मात्र सांभाळा. पेवाला ओल लागते ती पावसाळ्यात. रानात तो ओहोळाच्या काठी, उतारावर वाढतो, म्हणजे भरपूर पाणी मिळतं पण साचत नाही. दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात, काठ्या वाळतात. झाड मेलं असं वाटून लोक पाणी वाढवतात आणि कंद कुजतो. त्या दिवसांत पाणी जवळजवळ बंदच करा. ठिबकची नळी तिथून जात असेल तर ती आधी बाजूला घ्या. वर आंब्याचाच पालापाचोळा राहू द्या, उकरून बघू नका. पावसाची चाहूल लागली की कोंब येतात.

मे अखेरीस कंद दोनेक इंच खोल, दोन-दोन फुटांवर लावा. माती पानांच्या खताची, भुसभुशीत हवी. सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर उत्तम. गडद सावलीत काठ्या उंच होतात, फुलं मात्र कमी येतात.

फुलं नसतानाही हे झाड बघत राहावं असं आहे. पानं काठीभोवती गोल फिरत वर चढतात, खालून हात लावला तर मखमली लागतात. श्रावणाच्या सुमारास टोकाला लालभडक कणीस येतं. त्यातून रोज एखाद-दुसरं पांढरं फूल उमलतं, चुरगळलेल्या तलम कागदासारखं, मध्ये पिवळसर. ते दिवसभरच टिकतं, पण कणीस लाल राहतं.

नर्सरीत नुसतं ‘कॉस्टस’ मागू नका, परदेशी जाती गळ्यात पडतात. ‘कॉस्टस स्पेसिओसस’ असं पेवाचं पूर्ण शास्त्रीय नाव सांगा. नवं नाव ‘हेलेनिया स्पेसिओसा’. रानातून उपटून आणू नका, ही माझी कळकळीची विनंती. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हाच आहे. कोकणात कुणाची वाडी ओळखीची असेल तर तिथे मागा. कंद नाही, नुसती हिरवी काठी मिळाली तरी पुरे. भर पावसात तिचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, आडवे ठेवा, पेरांतून कोंब फुटतात.