ट्रॅक्टरचं काय केलंस?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. पेढे पोचले. काकूंनी अर्धे शेजारी वाटले आणि उरलेले माझ्यापासून लपवून ठेवलेत, साखरेच्या नावाखाली. स्पर्धा परीक्षेच्या निकालाच्या यादीत तुझ्या नावापुढं 'तहसीलदार' वाचलं आणि खरं सांगतो, चष्मा पुसावा लागला. ज्या खुर्चीतून मी निवृत्त झालो, तीत तू बसणार.

काल तुझ्या सत्काराचा व्हिडिओ पाहिला. फेटा शोभत होता. बोललीसही ठणठणीत. फक्त एका वाक्याला मी अडखळलो. "एका शेतमजुराच्या मुलीनं हे करून दाखवलं," असं तू म्हणालीस आणि टाळ्या पडल्या. तुझ्या वडिलांचं साडेचार एकर आणि तो जुना निळा ट्रॅक्टर मधल्या मध्ये कुठं गेला गं?

अभिरूप मुलाखतीचा, म्हणजे आम्ही घेतलेल्या सरावाच्या मुलाखतीचा दिवस आठवतो? तुझ्या अर्जात छंदाच्या रकान्यात होतं 'वाचन, ध्यानधारणा'. त्या दिवशी आमच्यासमोर बसलेल्या सात जणांपैकी पाच जण ध्यान करत होते. मी विचारलं, कधी करतेस? तू आधी "पहाटे" म्हणालीस, मग हसलीस आणि म्हणालीस, "सर, खरं सांगू? मला उसानं भरलेली ट्रॉली मागं घेता येते." माझ्या शेजारी बसलेल्या प्राध्यापकांनी विचारलं, त्यात अवघड काय? तू माझी चष्म्याची डबी ट्रॅक्टर केलीस, तिच्यामागं पेन लावलंस आणि टेबलावर दाखवलंस. ट्रॉली उजवीकडं न्यायची तर स्टिअरिंग डावीकडं फिरवायचं. ती वळायला लागली की लगेच उलटं घेऊन तिच्या मागं जायचं, नाहीतर ट्रॉली दुमडते आणि दांडा मोडतो. पाच मिनिटं तू उमेदवार नव्हतीस. मग हे अर्जात का नाही लिहिलं, असं विचारलं तर म्हणालीस, "क्लासच्या सरांनी खोडलं. बरं दिसत नाही म्हणाले."

म्हणजे पहिल्यांदा तो ट्रॅक्टर गावंढळ दिसतो म्हणून खोडला गेला, आणि परवा स्टेजवर पैसेवाल्याचा वाटला म्हणून. दोन्ही वेळा समोरच्याला जी मुलगी हवी होती, ती तू दिलीस. अजून दहा सत्कार होतील. आपली गोष्ट दर खेपेला थोडी गोड होत जाते. तुझ्याही गोष्टीत हळूहळू कंदील येईल, अनवाणी शाळा येईल, आणि एक दिवस वडील तुझं भाषण ऐकताना मान खाली घालतील. कर्ज काढून घेतलेल्या त्या ट्रॅक्टरचे हप्ते त्यांनी फेडलेत. त्यांना मजूर म्हटलेलं त्यांना कसं लागलं असेल, हे विचारलंयस का?

पद हवंसं वाटण्यात लाज काही नाही, हे आधी सांगून ठेवतो. मलाही हवं होतं. बँकेत बापाला बसायला खुर्ची मिळाली, याचा आनंद मी आजही लपवत नाही. गाडीवरचा लाल दिवा 1 मे 2017 पासून गेला, तरी क्लासच्या फ्लेक्सवर तो अजून लुकलुकतोय, म्हणजे त्याची भूक किती खोल आहे बघ. भूक असू दे. मला काळजी वाटते ती तिसऱ्या खोडण्याची, कारण ते ऑफिसात होतं आणि त्याची किंमत दुसराच कुणी भरतो.

माझं सांगतो. तालुका सांगत नाही. तिथं रुजू होऊन मला दोन वर्षं झाली होती. रस्त्याचे दावे तुझ्याकडंही ढिगानं येतील: अडवलेल्या वाटेसाठी 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम 5, आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143. एका शेतकऱ्यानं 143 खाली अर्ज केला होता. शेजाऱ्याचं म्हणणं, याला ओढ्याकडून दुसरी वाट आहे. मी स्थळपाहणीला गेलो. मे महिना, दुपारचे दोन. मंडळ अधिकारी छत्री धरून, तलाठी नकाशा धरून. ओढ्यापाशी गाडी थांबली. काच खाली केली, वाट दिसली, रुंदीही बरी होती. खाली उतरलो नाही. पर्यायी रस्ता उपलब्ध असल्यानं अर्ज फेटाळण्यात येत आहे, असा आदेश काढला. भाषा सुरेख होती, आजही पाठ आहे.

ती वाट पुढं ओढ्याच्या काठाला काटकोनात वळत होती. मोकळा ट्रॅक्टर वळला असता. भरलेली ट्रॉली वळणं शक्यच नव्हतं. हंगामात ऊसतोडीची टोळी आली, वळण बघून परत गेली. मार्च संपत आला तरी ऊस उभा, तुरे आलेले. शेवटी घरच्या माणसांनी मोळ्या डोक्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत आणल्या. पुढं त्यानं वर दाद मागितली, माझा आदेश फिरला, तो भाग सोड. मधे एकदा तो माझ्याकडं आला होता. भांडायला नाही. दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "सायेब, तुमच्या वडलांची बैलगाडी हुती म्हणं. मग वळण कसं दिसलं नाय तुमास्नी?"

मी दहाव्या वर्षापासून गाडी हाकलेला माणूस. ते वळण मला उतरल्या उतरल्या दिसलं असतं. पण दोन वर्षांत मी काचेतून बघायला शिकलो होतो. लाच घेतली नव्हती, दबाव नव्हता, काही नाही. ऊन होतं, आणि साहेबानं चिखलात उतरावं असं सोबतच्या कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

तुझंही असंच बारीकसारीक गोष्टींनी सुरू होईल. शिपाई तुझी बॅग घ्यायला हात पुढं करेल. देऊ नकोस, त्याला वाईट वाटलं तरी. खुर्चीवर पांढरा टॉवेल असेल. तो कशासाठी असतो हे मला पूर्ण नोकरीत कळलं नाही. तुझ्या साध्या विनोदालाही सगळे हसतील. आईचा फोन आला की लोकांसमोर "हां, बोल आई, मीटिंगमध्ये आहे" असं पुस्तकी मराठीत बोलावंसं वाटेल. तिथं घरचीच बोली बोल. समोरच्या बाकावर बसलेली म्हातारी वारसनोंदीचा फेरफार कुठं अडकलाय हे त्याच बोलीत सांगणार आहे, आणि तुझा कान शाबूत नसेल तर तिचं निम्मं म्हणणं क्लार्कच्या भाषांतरात हरवेल.

स्थळांचं तू बघून घेशील. एकच, 'मुलगी तहसीलदार' एवढ्यावर जे घर धावत येतं, ते बदलीच्या ऑर्डरीबरोबर तुझी किंमतही बदलणार. चहा पाजून वाटेला लाव.

सदाशिव पेठेतल्या खोलीतली तुझी जोडीदारीण, जिचं चार मार्कांनी गेलं, तिला फोन केलास का? कर. पण मार्गदर्शन करू नकोस. मेसच्या पातळ आमटीबद्दल बोल.

चिंतामणराव देशमुखांचं नाव तुम्ही सगळे मुलाखतीत घेता. 1918 ला आयसीएसला पहिले, 1943 ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1956 ला मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं, हे तुला पाठ आहे. केंब्रिजला त्यांना वनस्पतिशास्त्राचं बक्षीस मिळालं होतं, हे कुणी सांगत नाही. संस्कृतही त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मंत्रिपद सोडून घरी आलेल्या माणसाला घरी काहीतरी वाट बघत असावं लागतं. माझ्या ओळखीत असे अधिकारी आहेत, जे निवृत्तीनंतर सहा महिने सकाळी दहाला कपडे करून हॉलमध्ये बसायचे.

प्रशिक्षणाला यशदाला, पुण्यातल्या त्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत, आलीस तर बाणेर रोडवरून आमचं घर लांब नाही. येताना आईच्या हातची शेंगाचटणी आण. वडिलांनाही घेऊन ये, मला त्यांच्याशी बोलायचंय. काकू म्हणतात ट्रॅक्टरच घेऊन या. आमच्या सोसायटीचं गेट अरुंद आहे आणि आत शिरल्या शिरल्या वळण आहे. ट्रॉली मागं घेऊन दाखव म्हणतात, वॉचमनला मी सांगून ठेवतो.

तुझा,
काका