पहिला एलईडी लावताय? आधी हे दोन हिशेब
सूत्रं दोनच: व्होल्टला अँपिअरने (करंटने) भागलं की ओहम (अडथळा), गुणलं की वॅट (पॉवर). घरच्या विजेचं एसी, फेज वगैरे नंतर.

समजा ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि त्याच्या ओळीत करंट आवरणारा रेझिस्टर. एलईडी साधारण २ व्होल्ट खातो, रेझिस्टरवर उरतात ७. करंट २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर, म्हणून ७ ÷ ०.०२ = ३५० ओहम. दुकानात ३९०चा मिळतो, बिनधास्त घ्या. पॉवर ७ × ०.०२ = ०.१४ वॅट, पाव वॅटचा पुरतो.

नवखे इथे फसतात:

- मिलिअँपिअरने तसंच भागतात. उत्तर ०.३५ ओहम आलं की समजा, हजारपटीचा घोळ.
- ७ ऐवजी ९ व्होल्ट धरतात.
- मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून त्याच्या तारा (प्रोब) थेट बॅटरीला लावतात. माझ्या मीटरचा फ्यूज असाच उडाला! करंट मोजताना वायर सोडवून त्या सुटलेल्या जागी मीटर जोडायचा.

घरच्या २३० व्होल्टला सध्या हात नको.