कोलायटिसचा (मोठ्या आतड्याच्या सुजेचा) त्रास थांबलाय, तरी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन ४१० कसं?

त्रास थांबला म्हणजे सूज गेली असं नाही. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. नियामक टी-पेशी (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी) आयएल-१० हे सूज शमवणारं संदेश-प्रथिन स्रवून आतड्यातल्या जिवाणूंवरची प्रतिक्रिया आवरतात. तो लगाम सैल पडला की टीएनएफ, आयएल-२३ या सूज वाढवणाऱ्या संदेश-प्रथिनांचा जोर वाढतो, न्यूट्रोफिल आतड्यात उतरतात आणि हे प्रथिन शौचात सापडतं. साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक, २५० च्या वर सक्रिय सूज असण्याची शक्यता बरीच.

मात्र आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी किंवा जंतुसंसर्गानेही आकडा चढतो. म्हणून सकाळच्या पहिल्या शौचाचा नमुना त्याच लॅबमध्ये पुन्हा द्या (चाचणीचं किट बदललं की आकडे जुळत नाहीत). तोवर मेसालामिन (कोलायटिसची सूज कमी करणारं औषध) स्वतःहून बंद करू नका, कृपया. आकडा पुन्हा तसाच आला तर डॉक्टरांना कोलोनोस्कोपीबद्दल (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी) विचारा.